वरच्या टप्प्याची मोजणी

बाई,

तुमच्या शोकसभेत किडे नव्हते.

झाशीच्या सीपरी बाजारातल्या त्या छोट्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, तुमचा फोटो होता, फोटोला हार होता. इथली मराठी मंडळी एकेक करून उठली. कोणी तुमच्या घराण्याबद्दल बोललं, कोणी कॉलेजातल्या नोकरीबद्दल, कोणी तुम्ही शिकवलेल्या मुलींबद्दल. सगळं खरंच होतं. मी मागे चपलांजवळ बसून वाट बघत होतो, आता कोणीतरी निदान एका माशीचं तरी नाव काढेल. नाही काढलं. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, निवृत्तीनंतर बाईंना पर्यटनाची आवड लागली होती. माझी बायको मंगल बायकांमध्ये बसली होती. तिने तिकडून माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते आहे.

पर्यटन म्हणे. कुमाऊंच्या डोंगरात, चिखलात, साबणाच्या पाण्याने भरलेल्या पिवळ्या भांड्यांसमोर दिवसभर बसायचं, जळवा उपटायच्या आणि ओले मोजे गाडीच्या बॉनेटवर वाळत घालायचे, याला पर्यटन म्हणत असतील तर मग मीही मोठा पर्यटक झालो.

मला कोणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी चपला घालून निघून गेलो असतो, तुम्हाला माहीत आहे. नंतर तुमच्या भाच्याने, अनिरुद्धने, गाठलं. "नामदेव भैया, मंडल का जो अंक निकलता है ना, उसमें आप लिखिए. मराठी में. आत्या को अच्छा लगता. मैं तो पूरा पढ़ नहीं पाऊँगा, मंगल भाभी से सुन लूँगा." मी म्हणालो, माझी शाळा सातवीला सुटली. तो म्हणाला, "आत्या ने कभी बताया नहीं."

बरोबर आहे. तुम्ही कशाला सांगाल. झाशीत आल्यापासून मला जो भेटला त्याने सांगितलं, निदान दहावी तरी करून टाक. भावजींनी सांगितलं, त्यांच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या साहेबांनी सांगितलं, ट्रॅव्हल्सच्या मालकाने सांगितलं. तुम्ही एकट्या अशा, की इतकी वर्षं मागच्या सीटवर बसलात आणि तो विषय काढला नाहीत. लोकांशी ओळख करून देताना म्हणायचात, "ये नामदेव हैं, हम साथ में काम करते हैं." ड्रायव्हर हा शब्द मी तुमच्या तोंडून माझ्यासाठी ऐकला नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते आधी मानतो, नाहीतर पुढे किड्यांच्या गडबडीत विसरेन.

पहिल्या दिवसाचं तुम्हाला आठवत असेल का? मालकाने सांगितलं, एक मॅडम आहेत, टहरौलीला जायचं आहे. मी डिकी उघडली. तुम्ही सामान ठेवता ठेवता हिंदीत सूचना देत होता आणि मधेच स्वतःशी पुटपुटलात, "तसराळी वर ठेवावीत, खाली दबतील." माझा हात तिथेच थांबला. आमच्या पाचोऱ्याकडे आई ज्यात पीठ मळायची ते तसराळं. गाव सोडल्यावर तो शब्द मला कोणी ऐकवला नव्हता. मी म्हणालो, "तुम्ही मराठी आहात?"

"आणि तू?"

"जळगावकडचा."

"मग इतकी देर हिंदीत कशाला झगडत होतास माझ्याशी?"

मग वाटेत तुम्हीच सांगून टाकलंत, "माझं मराठी पेशव्यांच्या वेळचं आणि हिंदी सीपरी बाजारची. मधलं काही मिळणार नाही, चालेल?" मला सगळं चालणार होतं. तुम्हाला बाई म्हणायला मी त्याच दिवशी लागलो, कारण आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्याला तेच म्हणतात.

तो टहरौलीचा दिवस म्हणजे माझी पहिली परीक्षा आणि तुमची फजिती. डोंगरावर जाण्याआधी तसराळ्यांचा सराव करायचा होता. खरी तसराळी नव्हतीच ती, प्लॅस्टिकची वाडगी, तुम्ही घरी बसून पिवळा रंग दिलेली. किड्याला पिवळं म्हणजे फूल वाटतं. पाण्यात साबणाचा थेंब टाकला की किडा तरंगत नाही, बुडतो. शेताच्या बांधावर आपण ती ओळीने मांडली आणि गाडीत बसून डबा खाल्ला. संध्याकाळी जाऊन बघतो तर एका वाडग्यात हळद, दुसऱ्यात कुंकू, तिसऱ्यात झेंडू, आणि शेवटच्याजवळ एक म्हातारी हात जोडून बसलेली. नेमकी त्या दिवशी अमावस्या होती. ते आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काय अम्मा, जे कटुरियाँ काय के लाने धरीं?" तिने विचारलं.

"कीड़े पकड़ने के लिए," तुम्ही म्हणालात.

"हमाए नाती के पेट में सोई हैं."

तिच्या नातवाच्या पोटातले जंतही यात निघतील, असं तिला वाटत होतं. मला वाटलं आता तुम्ही तिला विज्ञान सांगाल. तुम्ही मला म्हणालात, "गाडी काढ." आपण त्या म्हातारीला आणि नातवाला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळी घेतली, परत सोडलं. हळदीचं पाणी ओतून दिलं. परत येताना तुम्ही एवढंच बोललात की पुढच्या वेळी पंचांग बघून यायचं.

तिथून मी तुमच्या कामात शिरलो. तुमचा प्रश्न तुम्ही मला मोठ्या मोठ्या शब्दांत सांगितला नाहीत. छावणीतल्या त्या सावलीच्या रस्त्यावर कडुनिंबाच्या फांदीखाली छत्री उलटी धरून तुम्ही फांदीला काठी मारलीत, आणि छत्रीत पडलेलं दाखवलंत. मुंग्या, कोळी, हिरवा ढेकूण, कसलीशी अळी. म्हणालात, हे झालं झाशीचं झाड. आता असंच झाड वर, आणखी वर, आणखी वर. वर जाताना छत्रीत काय कमी होतं आणि काय नवीन येतं, एवढंच बघायचं आहे. तेवढ्यात पहाऱ्यावरचा जवान आला.

"माताजी, क्या कर रही हैं?"

"कीड़े गिन रही हूँ, बेटा."

"गिनकर क्या होगा?"

"अभी पता नहीं."

तो बिचारा इतका गोंधळला की छत्री धरायला लागला.

आपले डोंगरावरचे टप्पे चार. पायथ्याला काठगोदामच्या जवळ साल वृक्षांचं जंगल, तो पहिला. त्याच्यावर चीड, म्हणजे पाइनची झाडं, दुसरा. मग बांज आणि बुरांश या झाडांचं रान, ओलं, शेवाळलेलं, खीमसिंहजींची चहाची टपरी जिथे आहे तो तिसरा. आणि मुन्सियारीच्या वर, झाडं संपतात तिथे, नुसतं गवत आणि वारा, बुग्याल, तो चौथा. प्रत्येक टप्प्यावर सकाळी तसराळी मांडायची, संध्याकाळी उचलायची, पावसाळा उतरतानाच्या त्याच दिवसांत, दरवर्षी. कागदावर सोपं आहे. पण मी खानदेशचा माणूस. आमच्याकडे जमीन म्हणजे सपाट. घाटाचं पहिलं वळण आलं आणि माझ्या हाताला घाम फुटला. दरी माझ्या बाजूला होती. दोनचार वळणं मी कशीबशी काढली आणि मग गाडी बाजूला लावून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मला वाटलं, झालं, आता या मला परत पाठवतील आणि काठगोदामहून दुसरा माणूस घेतील.

तुम्ही खाली उतरलात. काचेवर टकटक केलीत आणि म्हणालात, "चिंतामणी, छत्री धर." मग दरीकडे पाठ करून मी छत्री धरली आणि तुम्ही झुडपांना काठ्या मारत बसलात. मला रंग सांगायला लावलेत. हा कसा? तांबडा. हा? काळा, पाठीवर दोन ठिपके. नीट बघ. बाई, तीन ठिपके. असं किती वेळ चाललं कोण जाणे. हात कोरडे झाले तेव्हा तुम्हीच म्हणालात, चल. घाबरण्याबद्दल एक शब्द नाही. चिंतामणी हे नाव मात्र तिथून चिकटलं, कारण मी प्रत्येक थांब्यावर टायर बघतो, ब्रेक बघतो आणि तरी विचारतो, पाऊस येईल का. मंगलसुद्धा आता तेच म्हणते.

आपलं मोठं भांडण झालं ते खीमसिंहजींच्या टपरीवर. दोन वर्षांची मोजणी झाली होती आणि तुम्ही खुशीत होता. सगळ्यात जास्त प्रकारचे किडे तिसऱ्या टप्प्यावर निघाले होते. खाली कमी, मधे जास्त, वर पुन्हा कमी. मला वाटायचं वर चढत जावं तसं नुसतं कमी कमी होत जाईल. तुम्ही समजावलंत, खाली ऊन, शेती, माणसं, सगळं कोरडं. मधे ओल आहे. शिवाय खालचे किडे त्यांच्या हद्दीच्या शेवटापर्यंत वर येतात आणि वरचे त्यांच्या हद्दीच्या शेवटापर्यंत खाली येतात, ते दोन्ही इथे भेटतात. "सीपरीच्या चौकात राहतं कोण? कोणी नाही. पण गर्दी कुठे असते?"

मला मात्र वेगळीच घाई होती. उजेड असताना घाट उतरायचा होता आणि तुम्ही तिसरा चहा मागवला होता. मी चिडून म्हणालो, "गर्दी कशी होणार नाही? सालाच्या जंगलात हत्ती येतो म्हणून आपण लवकर उचलतो. वर थंडी वाजते म्हणून लवकर उचलतो. इथे खीमसिंहजींचा चहा आहे, भजी आहेत, इथली तसराळी अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. किडे जास्तच येणार."

मी बोललो ते घाटाच्या भीतीने. अक्कल त्यात काही नव्हती. पण तुम्ही पेला खाली ठेवलात. खीमसिंहजी म्हणाले, "दीदी, चाय में कुछ गिर गया क्या?" तुम्ही मोजणीची वही काढलीत. उतरताना पूर्ण घाटभर तीच चाळत होता. माझी तर झोप उडाली. मला वाटलं, दोन वर्षांचं काम मी एका वाक्यात नासवलं, आता नोकरी गेली. सकाळी तुम्ही माझा मोबाईल मागितलात आणि त्यात गजर लावलात. मांडायचा एक, उचलायचा एक. म्हणालात, "आता सगळ्या टप्प्यांना सारखा वेळ. हत्ती आला तरी, भजी आली तरी. नव्याने सुरू."

मी म्हणालो, "बाई, मी सहज बोललो हो."

"तू सहज बोललास. मी सहज ऐकायला पाहिजे असं कुठे आहे?"

माझं आयुष्यात असं कोणी ऐकलं नव्हतं, बाई. घरी नाही, शाळेत नाही, मालकाकडे तर नाहीच. मी बोललेलं कोणी खरं धरून तपासून बघितलं, हे पहिल्यांदाच होत होतं. मला त्या दिवशी आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला भीती वाटली, की मी चुकीचा निघालो तर. आणि बरोबर निघालो तर त्याहून वाईट.

पुढच्या दोन पावसाळ्यांत खालचे तीन टप्पे सारख्या वेळेने झाले, वरचा दोन्ही वर्षी राहून गेला. मधलाच पुढे राहिला, फक्त आधीइतका नाही. तुम्ही म्हणालात, "थोडा खरा निघालास."

"थोडा म्हणजे किती?"

"चहापुरता."

त्यावर आपण दोघं किती हसलो. पण तुम्ही लगेच बोट वर केलंत, बुग्यालाकडे. वरचा टप्पा नवीन वेळेने झाल्याशिवाय काहीच पक्कं नाही. वर खरंच कमी आहेत, की आपण थंडीत कुडकुडत लवकर पळालो म्हणून कमी दिसले? ते जोवर कळत नाही तोवर चारही टप्प्यांचं चित्र अर्धंच. शिवाय तुमचा जीव वरच्यांवर जास्त होता. तिथे मधमाशा फारशा चढत नाहीत, माश्याच फुलांवर फिरतात. भुंगेरे असे की त्यांना पंख असून उडता येत नाही, उडाले तर वारा घेऊन जाईल. थोडेच, पण जे आहेत ते खाली कुठेच नाहीत. तुम्ही गाडीत एकदा म्हणाला होता, गरमी वाढते आहे तसे खालचे किडे वर सरकायला लागलेत. मी विचारलं, मग वरचे कुठे जातील? तुम्ही खिडकीची काच वर केलीत.

एक वाद मात्र मिटलाच नाही. मी विचारलं होतं, एवढे जीव बुडवून मारायचे, हे पाप नाही का? मला वाटलं तुम्ही म्हणाल, विज्ञानात पाप नसतं. तुम्ही म्हणालात, "मला लागतं ते. दरवेळी लागतं. न लागायला लागलं त्या दिवशी मी बंद करीन." ते उत्तर मला पटलं नव्हतं आणि अजून पटलेलं नाही. तुम्ही असता तर या वर्षीच्या फेरीत मी तो वाद पुन्हा काढला असता.

गेल्या वर्षी वरचा टप्पा ठरला होता. गाडीचा रस्ता संपतो तिथे आपण पोचलो. पुढे पायवाट. तुम्ही थोडं चाललात आणि दगडावर बसलात. श्वास लागला होता. मी म्हणालो परत फिरू, तुम्ही म्हणालात थांब, मग पुन्हा म्हणालात थांब. मग म्हणालात, "राहू दे. पुढच्या वर्षी." मी तसराळी पुन्हा डिकीत ठेवली.

पुढचं वर्ष आलं ते तुमच्याशिवाय. श्रावणाच्या शेवटी तुम्ही गेलात. त्याच्या आधी मी तुमच्या घरी यायचो तेव्हा मला रोज वाटायचं, आज बाई सांगतील, नामदेव, वर जाऊन ये. मी मनातल्या मनात तयारी करून यायचो, हो म्हणायची पण आणि कारणं सांगायची पण. तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. शेवटच्या आठवड्यात फक्त विचारलंत, "मंगलला गाडी लागते का रे?" मी म्हणालो, थोडी लागते. तुम्ही म्हणालात, "आल्याचा तुकडा द्यायचा." आणि डोळे मिटलेत. याचा अर्थ काय लावायचा, बाई? मी अजून विचार करतो आहे. सांगून टाकलं असतंत तर सोपं झालं असतं.

किड्यांच्या कुप्यांनी भरलेल्या तुमच्या पेट्या पहाडातल्या एका संस्थेला द्यायच्या ठरल्या. अनिरुद्धने बोलणं केलं. त्यांनी विचारलं, चारही टप्पे सारख्या वेळेचे आहेत का? अनिरुद्धने मला विचारलं. मी म्हणालो, तीन आहेत, वरचा जुना आहे. तो म्हणाला, "रहने दो भैया, तीन का भी बहुत है. अब कौन जाएगा." त्याचं चूक नाही. तो भला मुलगा आहे, त्याला नोकरी आहे. मी हो म्हणून घरी आलो. ब्रेक तपासले. टायर तपासले. मंगल दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "कुठे निघालास?"

"कुठे नाही."

"मग हवा कशाला भरतोस?"

मी तिला सगळं सांगितलं. की मला किड्यांची नावं येत नाहीत. की मी वर जाऊन काही चुकीचं केलं तर बाईंच्या नावावर जाईल. की त्या चढावर मला खाली बघवत नाही. आणि की नाही गेलो तर तो टप्पा कायमचा जुन्या वेळेचा राहील, आणि तुमचं सगळं काम कोणीतरी बाजूला ठेवून देईल, अर्धं म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि आलं किसायला घेतलं. मी म्हणालो, किसायचं नाही, तुकडा चघळायचा.

नावं लावणारे त्या संस्थेत आहेत, हे तुम्हीच सांगायचात. मला मांडायचं, थांबायचं आणि उचलायचं तेवढं येत होतं.

खीमसिंहजींना बातमी कळलेली होती. त्यांनी टपरीला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर आले. तिकडे दादाला दाज्यू म्हणतात. वाटेत ते मला म्हणाले, "दाज्यू, मौसम साफ़ है. अब चौथी बार मत पूछना." मंगल सीपरीहून नवे बूट घेऊन आली होती. ती माझ्यापेक्षा भराभर चढली आणि वरून खाली बघून सांगत राहिली, या, काही नाही इथे. झाडं संपली तिथे मला एकदम उघडं वाटलं. चारी बाजूंना आभाळ, समोर बर्फाचे डोंगर, आणि गवत वाऱ्याने लोळतंय. तुम्ही ज्या दगडावर बसला होता तो खूप खाली राहिला होता.

तसराळी उडू नयेत म्हणून भोवती दगड लावले. पाणी, साबणाचा थेंब, गजर. मग बसलो. तुम्ही बरोबर होता, ते सांगतो. फार कमी येतात. बारीक काळ्या माश्या, एक लांब पायांचा भुंगेरा, काही टाचणीच्या डोक्याएवढे, जे मला ओळखताही आले नाहीत. ऊन आलं की चार येतात, ढग आला की कोणी नाही. मंगल दर थोड्या वेळाने जाऊन वाकून बघायची.

"एवढेच?"

"एवढेच."

"खाली तर वाडगं काळं होतं म्हणायचास."

मला कसंतरी झालं. एवढ्या लांबून यायचं, तुमचा सगळ्यात लाडका टप्पा, आणि हातात काय, तर तळाला चार माश्या. वाटलं लोक हे बघतील आणि म्हणतील, या बाई एवढा अट्टाहास कशाचा करत होत्या. मी मनात म्हणत होतो, या रे, जरा या, आज तरी या.

गजर वाजला. मी उठलो नाही. मंगल म्हणाली, "राहू दे ना अजून अर्धा तास. ऊन आहे अजून. बाईंसाठी."

खीमसिंहजी दुसरीकडे बघत बिडी ओढत होते. त्यांनी काही म्हटलं नसतं. खाली कोणाला कळलं नसतं. अर्ध्या तासात कदाचित दुप्पट आले असते, आणि तुमचा वरचा टप्पा जरा भरलेला दिसला असता. मला ते किती हवं होतं ते तुम्हाला सांगता येत नाही. इतका मोह मला आयुष्यात कशाचा झाला नसेल. पण बाई, मग ती पुन्हा चहाचीच गोष्ट झाली असती. फक्त चहाच्या जागी तुम्ही.

मी उठलो. ज्या क्रमाने मांडली होती त्याच क्रमाने उचलत गेलो, गाळणीतून गाळून कुप्यांत भरत गेलो. हात कोरडे होते. शेवटचं वाडगं रिकामं करून हातात धरलं होतं, तेवढ्यात खालच्या उतारावरून घुमल्यासारखा आवाज आला. एक भला मोठा केसाळ भुंगा, शेपटीकडे नारिंगी. वाडगं जिथे होतं नेमक्या त्याच जागेवर आला, दगडांच्या मधे घिरट्या घातल्या, पिवळं काही सापडलं नाही म्हणून थोडा वेळ तसाच घोंगावला.

"यह तो रह गया, दाज्यू," खीमसिंहजी म्हणाले.

मंगलने माझ्या हातातल्या वाडग्याकडे बघितलं. मी ते पिशवीत ठेवलं.

भुंगा मग दगडाशेजारच्या निळ्या फुलात शिरला. थंडीने सुस्तावला असावा, बराच वेळ आत डोकं घालून होता. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. निघाला तेव्हा अंगावर पराग लागलेले होते, आणि तो खाली न जाता वर, बर्फाच्या बाजूला गेला.

मोजणीत तो नाही, बाई. तुम्हाला म्हणून सांगितला.